हक्कसोडपत्र करायचंय, पण मी वकील नक्की कोणाचा?

टेबलवाला

नमस्कार मंडळी. तालुका कोर्टात वकिली करतो. सीनियरचं ऑफिस सोडून नुकतंच स्वतःचं टेबल टाकलंय, त्यामुळे विचारायला जवळ कोणी नाही. बार रूममध्ये विषय काढला तर संध्याकाळच्या आत पक्षकाराच्या कानावर जातो, म्हणून इथे लिहितोय. ओळख पटेल असे तपशील गाळलेत, काही बदललेत.

माझा एक जुना अशील आहे. त्याचे बांधाचे दावे आणि एक चेक बाउन्सची केस माझ्याकडेच चालू आहे. आई-वडील दोघंही वारले. मागे हा एक भाऊ आणि तीन बहिणी. वारस नोंद होऊन सात-बाऱ्यावर चौघांची नावं लागली आहेत. सहा एकर जमीन, म्हणजे प्रत्येकी दीड एकर. त्याला आता तिन्ही बहिणींचं हक्कसोडपत्र करून हवंय. इथवर नवीन काही नाही, असे दस्त आमच्याकडे नेहमीचेच.

पण मागच्या तारखेला तो एकटा आला होता. बोलता बोलता म्हणाला, "साहेब, जरा लवकर उरका. बायपासची मोजणी झालीय, आपल्या गटात दगड रोवून गेलेत. थोरलीच्या सासरी कळलं तर फाटे फुटतील."

राखीपौर्णिमेला तिघी माहेरी आल्या होत्या. तोच मुहूर्त साधून हा त्यांना दुसऱ्या दिवशी ऑफिसला घेऊन आला. धाकटी बाहेर बाकावर बसून कारकुनाच्या हातातला मसुदा वाचत होती. "कोणाच्याही दडपणाखाली न येता, राजीखुशीने, कोणताही मोबदला न घेता" ही ओळ तिने दोनदा वाचली असावी, कारण तिथे बोट ठेवून तिने मला विचारलं, "साहेब, हे लिहून आम्ही देणार ना? मग तुम्ही आमच्या बाजूचे की दादाच्या?"

मी टायपिंग राहिल्याचं सांगून वेळ मारून नेली. दस्त पुढच्या आठवड्यात ठेवलाय. आता प्रश्न असा की बायपाससाठी जमीन संपादनात जाणार आणि मोबदला येणार, हे मला अशिलाने विश्वासाने सांगितलंय, ते बहिणींना सांगितलं तर मी त्याचा विश्वासघात केला. नाही सांगितलं आणि दस्त केला, तर मी काय केलं?

हेलपाटा

फी कोण देतंय? भाऊ. मग विषय संपला. बहिणी काही कुक्कुली बाळं नाहीत. वाचता येतंय, शंका आली तर त्यांनी दुसरा वकील गाठावा. तुम्ही नाही केलंत तर समोरच्या टेबलावरचा करेल, आणि पुढच्या वेळी बांधाचे दावेही तिकडेच जातील.

दस्त_क्रमांक

दुय्यम निबंधक कार्यालयात नोकरी करून निवृत्त झालो, त्यामुळे या नाटकाचा तिसरा अंक मी रोज बघितलाय. अधिकारी विचारतो, "दस्त वाचला का? मान्य आहे का?" बाई आधी भावाकडे बघते, मग मान हलवते. फोटो, अंगठा, दोन ओळखदारांच्या सह्या, की पुढचा टोकन नंबर. दस्त ज्याने लिहून दिला तो तोच आहे ना आणि सही त्याची आहे ना, एवढं बघणं आमचं काम. त्याला त्यातलं कळलंय का, हे तपासायला आमच्याकडे वेळही नव्हता आणि अधिकारही नव्हता. तेव्हा "रजिस्टर ऑफिसला बघतील ना" असं कोणी वकील म्हणत असेल तर तसं काही नसतं. मजकूर समजावून सांगणारा माणूस त्या सगळ्या साखळीत एकच, मसुदा करणारा.

आणि हो, मसुद्यात ते "लग्नकार्यात योग्य तो मानपान झालेला असल्याने" वाक्य आहे का? असणारच. तीस वर्षं तेच वाक्य. फक्त आधी टाइपरायटरवर होतं.

जुनी_सनद

टेबलवाला, आधी एक बरं केलंस की वेळ मागून घेतलीस. सही झाल्यावर हा धागा काढला असतास तर फक्त सांत्वन मिळालं असतं.

हेलपाटा म्हणतात तसं नसतं. फी कोण देतं त्यावर अशील ठरत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत, व्यावसायिक वर्तनाच्या प्रकरणात, अशिलाबद्दलच्या कर्तव्यांत दोन गोष्टी स्पष्ट आहेत. अशील किंवा त्याने नेमलेला माणूस, यांच्याखेरीज तिसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून वागायचं नाही. आणि काम घेतानाच, समोरच्या पक्षाशी आपला काही संबंध असेल तर तो मोकळेपणाने सांगून टाकायचा. आता या दस्तात लिहून देणाऱ्या तिघी आणि लिहून घेणारा एक. आपल्याकडे एकच वकील दोघांचा कागद करतो, ही वहिवाट आहे, आणि सगळ्यांचं हित एकाच दिशेला असतं तोवर ती चालून जाते. बायपासचा दगड रोवला गेला त्या दिवशी तुझ्या ऑफिसात हितसंबंध फुटले. भावाला जे मिळणार ते बहिणींच्या वाट्यातून जाणार आहे.

तेव्हा पहिलं काम, ठरव. तू भावाचा वकील आहेस. त्याचे दावे तुझ्याकडे आहेत, त्याचं गुपित तुझ्याकडे आहे. तिघींचा तू होऊच शकत नाहीस. आणि हे त्यांना तोंडावर सांगावं लागेल.

दुसरं, गुपिताचं. पुरावा कायद्याचं जुनं कलम १२६, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२. अशिलाने वकिलाला वकील म्हणून सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय उघड करता येत नाही, आणि हे बंधन काम संपल्यावरही सुटत नाही. अपवाद आहेत. बेकायदा हेतू साधण्यासाठी केलेलं बोलणं, किंवा काम चालू झाल्यानंतर गुन्हा वा फसवणूक होत असल्याचं वकिलाला दिसलं, तर संरक्षण नाही. भावाचं गप्प राहणं त्यात बसतं का, हा खरा वादाचा मुद्दा.

करार कायद्याचं कलम १७ उघडून बघ. नुसतं मौन म्हणजे फसवणूक नव्हे, असं तिथे म्हटलंय, पण जिथे बोलणं हे कर्तव्यच आहे तिथे मौनही फसवणूक ठरतं. त्याखाली घोड्याची उदाहरणं आहेत. घोड्यात खोड आहे हे माहीत असून मालकाने लिलावात काहीच सांगितलं नाही, तर फसवणूक नाही. पण घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे सांगणं त्याच्यावर बंधनकारक. १८७२ चा कायदा आहे हा. वडील गेल्यावर सगळी जमीन एकहाती बघणारा भाऊ आणि सासरी गेलेल्या बहिणी, यांना हे उदाहरण किती लागू पडतं ते तूच ठरव. मला विचारशील तर बरंच लागू पडतं. शिवाय कलम १६, गैरवाजवी प्रभाव, आहेच.

तिसरं, अगदी व्यवहाराचं. काहीही झालं तरी या दस्तावर साक्षीदार किंवा ओळखदार म्हणून सही करू नकोस. उद्या तिघींपैकी एकीने दस्त रद्द करायचा दावा लावला, आणि कळल्यापासून तीन वर्षं तिच्या हातात आहेत, तर साक्षीच्या पिंजऱ्यात पहिला उभा राहणार तू. मग भावाचं वकीलपत्रही सोडावं लागेल. साक्षीदार होण्याची शक्यता आहे त्या कामात उभं राहायचं नाही, असा नियमच आहे.

बिनतारखेचा

वकील आणि नीतिमत्ता एकाच धाग्यात! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. अहो, कसाबचं वकीलपत्र घेणारे तुम्ही लोक. तीन बहिणींचं काय घेऊन बसलात?

फोर्टकर

मुंबईत सॉलिसिटर फर्ममध्ये आहे. जुनी_सनद यांचा आदर राखून थोडा वेगळा सूर लावतो.

गोपनीयतेचा अपवाद इतका सैल करू नका. हा हक्क अशिलाचा आहे, वकिलाचा नाही. २०२५ मध्ये तपास यंत्रणा वकिलांनाच समन्स काढायला लागल्या, तेव्हा सुप्रीम कोर्टाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. ऑक्टोबरच्या निकालात कोर्टाने सांगितलं की कलम १३२ च्या अपवादात बसल्याशिवाय वकिलाला अशिलाची माहिती द्यायला बोलावता येणार नाही, आणि तसं बोलवायचं तर वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी मंजुरी हवी. पोलिसांपुढे जे गुपित आपण छातीठोकपणे राखतो, ते बाकावर बसलेल्या धाकटीला वाईट वाटतंय म्हणून फोडायचं? मग उद्या कोणता अशील आपल्याला खरं सांगेल?

माझा सल्ला: बहिणींना एक अक्षर सांगू नका. भावाला मात्र बंद दाराआड स्पष्ट सांगा की असा दस्त टिकणार नाही. हा सल्ला त्याच्याच हिताचा आहे. ऐकलं तर ठीक, नाही ऐकलं तर काम सोडा, रीतसर लेखी कळवून.

रोजनामा

@बिनतारखेचा, कसाबचा विषय तुम्ही काढलाच आहे तर नीट काढू या, कारण तो या धाग्याच्या अगदी पोटातला आहे.

वकिली संघटनांनी ठराव करून "या आरोपीचं काम कोणी घ्यायचं नाही" म्हणणं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये मोहम्मद रफी विरुद्ध तामिळनाडू या निकालात बेकायदा ठरवलंय. प्रकरण कोइम्बतूरचं होतं, पण असे ठराव आपल्याकडेही होत होते. २६/११ च्या खटल्यात मार्च २००९ अखेरीस कोर्टाने अंजली वाघमारे यांची कसाबची वकील म्हणून नेमणूक केली. त्यांच्या घरावर मोर्चा गेला, तोडफोडीच्या बातम्या आल्या. त्या बाजूला झाल्या, पण त्या मोर्चामुळे नव्हे. त्याच हल्ल्यातल्या एका साक्षीदाराच्या नुकसानभरपाईचं कामही त्यांच्याकडे असल्याचं समोर आलं, आणि एप्रिलमध्ये न्या. टहलियानी यांनी नेमणूक रद्द केली. मग अब्बास काझमी आले.

म्हणजे देशातल्या सगळ्यात नावडत्या आरोपीचा वकील असणं ही अडचण नव्हती. एकाच प्रकरणात दोन बाजूंना पाय असणं ही होती. टेबलवाला यांच्या ऑफिसात तेच चाललंय, फक्त दगड बायपासचे आहेत.

बिनतारखेचा

हे माहीत नव्हतं. मोर्चामुळेच काढलं असं वाटत होतं. बरं, पुढे चालू द्या.

कृष्णाकाठ

मी वकील नाही. पण असं हक्कसोडपत्र मी लिहून दिलंय, म्हणून लिहिते.

आमच्याकडे भाऊ वाईट नव्हता, अजूनही नाही. दिवाळीला साडी, मुलांना कपडे, आजारपणात धावून येणं, सगळं आहे. मला जमीन नकोच होती, आणि हे मी आत्ताही म्हणते, कोणी कीव करू नये. पण त्या दिवशी वकिलांच्या ऑफिसात आम्हाला चहा दिला, पेन दिलं आणि कुठे सही करायची तिथे पेन्सिलीने फुल्या मारून दिल्या. प्रत्येक पानावर फुली. वाचायला कोणी नाही म्हणालं नव्हतं, पण फुल्या असल्या की माणूस फुली शोधतो, वाचत नाही. पुढे कर्जाच्या कामासाठी कागद काढले तेव्हा कळलं की मी फक्त शेतीचा नाही, गावठाणातल्या घराचा हक्कही सोडलाय. आईची खोली होती ती. भावाला विचारलं तर त्यालाही माहीत नव्हतं! वकिलांनी "सगळंच एकात घेऊन टाकू, पुन्हा खर्च नको" म्हणून घातलं होतं.

तेव्हा वकील साहेब, बायपासचं सांगा की नका सांगू, ते तुमच्या कायद्यात काय बसेल ते बघा. पण पेन्सिलीच्या फुल्या मारू नका.

दस्त_क्रमांक

ताई, त्या फुल्या! आमच्या कार्यालयाबाहेरचे एजंट तर पिवळे कागद चिकटवतात आता.

जुनी_सनद

@कृष्णाकाठ, ताई, भावाची तयारी असेल तर घरापुरता चूक दुरुस्तीचा किंवा उलट बक्षीसपत्राचा मार्ग आहे. एखाद्या वकिलाला दस्त दाखवा. बहीण-भाऊ एकमताने असाल तर कोर्टात जायचं कारण नाही.

@फोर्टकर, आपल्यात अंतर वाटतं तेवढं नाही. मीही बायपासचं सांगायला सांगत नाहीये. मी एवढंच म्हणतोय की टेबलवाल्याने तिघींना समोर बसवून तीन वाक्यं बोलावीत. एक, मी तुमच्या भावाचा वकील आहे, तुमचा नाही. दोन, कायद्याने तुमचा भावाइतकाच हिस्सा आहे आणि ही सही केल्यावर तो परत मिळणार नाही. तीन, मसुदा घरी न्या, तुमच्या ओळखीच्या वेगळ्या वकिलाला दाखवा, प्रांत कार्यालयात जाऊन जमिनीबद्दल काही चालू आहे का ते विचारा, मगच सही. यात अशिलाचं कोणतं गुपित फुटलं?

फोर्टकर

पहिली दोन वाक्यं मान्य. तिसऱ्यातलं "प्रांत कार्यालय" मान्य नाही. सातबारा तपासा म्हणणं वेगळं, तो कोणीही सांगतो. पण शेतजमिनीच्या हक्कसोडीत प्रांताचं नाव घेतलं की ऐकणाऱ्याला कळतं, संपादन आहे. ती अर्धी गोष्ट सांगणंच झालं, आणि अर्धी सांगून हात झटकणं मला पूर्ण सांगण्यापेक्षा वाईट वाटतं. सांगायचं तर भावाची लेखी संमती घेऊन सांगा.

रोजनामा

इथे मी फोर्टकरांच्या बाजूने. मनात सहानुभूती बहिणींची असली तरी.

पण एक मुद्दा दोघांच्या नजरेतून सुटलाय. बायपास राष्ट्रीय महामार्गाचा असेल तर राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम ३-अ ची अधिसूचना राजपत्रात येते आणि तिचा गोषवारा दोन स्थानिक वर्तमानपत्रांत, त्यातल्या एका प्रादेशिक भाषेतल्या, छापावा लागतो. हरकतीला २१ दिवस. नंतर सातबाऱ्यावर ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांचा मोबदल्यावर दावा. म्हणजे हे गुपित मुळातच काही महिन्यांचं आहे. भावाची घाई त्याचसाठी. त्यामुळे त्याला पटवणं सोपं जावं: "आज सह्या घेतल्यास, चार महिन्यांनी पेपरात गट नंबर आला, थोरलीच्या सासऱ्यांनी वाचला, की दस्ताची तारीख आणि पेपरची तारीख शेजारी ठेवून दावा लागेल. मोबदला कोर्टात अडकेल. वर्षानुवर्षं." नीतीने पटत नसेल त्याला मोबदला अडकण्याची भीती पटते, असा माझा अनुभव आहे.

आणि दीड एकर हा काही कोणाच्या मेहेरबानीचा विषय नाही. महाराष्ट्राने १९९४ लाच मुलींना सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासूनचे हिस्सेदार, केलं, त्यात आधी लग्न झालेल्या वगळल्या होत्या. २००५ ला केंद्राने तो भेद काढला आणि २०२० ला विनीता शर्मा निकालाने, वडील २००५ आधी गेले असले तरी मुलीचा जन्मसिद्ध हक्क आहे, हे पक्कं झालं. आमच्या बारमधले कित्येक ज्येष्ठ अजून "लग्न झालेल्यांना काय मिळणार" असं पक्षकाराला सांगतात. सुप्रीम कोर्टाने खांडेकर विरुद्ध बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र या प्रकरणात म्हटलंय की चुकीचा कायदेशीर सल्ला देणं वेगळं आणि अनुचित सल्ला देणं वेगळं. चुकीच्या सल्ल्याला गैरवर्तन म्हणता येत नाही. पण माहीत असून चुकीचं सांगणाऱ्याला त्या निकालाच्या आड लपता येईल असं मला वाटत नाही.

विलायती_कांदा

मँचेस्टरला सॉलिसिटर आहे, मूळचा सांगलीचा. इथे नवऱ्याच्या धंद्याच्या कर्जाला बायकोने घर तारण ठेवायचं असेल तर बँक तिला आधी सॉलिसिटरकडे पाठवते. तो तिला नवऱ्याला बाहेर बसवून, एकटीला, साध्या भाषेत धोका समजावतो आणि तसं बँकेला लेखी कळवतो. २००१ मध्ये एट्रिज प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सने ही पद्धत बसवून दिली. यामागे उदात्तपणा वगैरे फारसा नाही. बायका नंतर "मला कळलंच नव्हतं" म्हणून दावे जिंकत होत्या आणि बँकांचे पैसे बुडत होते. तरी माझा अनुभव असा की दहातल्या नऊ जणी सगळं ऐकून सहीच करतात.

हेलपाटा

नऊ जणी सहीच करतात तर खटाटोप कशाला? असो. आता सगळे साधुसंत जमलेच आहात तर एक विचारतो. अपघात दाव्यात टक्केवारी घेणारे किती जण आहेत इथे? खरं सांगा. भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्यात तर उघड उघड चालतं.

रोजनामा

खरं सांगायचं तर आमच्या कोर्टात बहुतेक जण घेतात. नियम सरळ आहे, निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही, मिळणाऱ्या रकमेत वाटा घ्यायचा नाही. १९५४ मध्ये "जी" नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात निम्म्या वसुलीचा करार करणाऱ्या वकिलावर सुप्रीम कोर्टाने कारवाई केली होती. २०१७ ला सुनीता विरुद्ध तेलंगणात अपघात दाव्याच्याच फीचा चेक होता. टक्केवारीची फी सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे म्हणत कोर्टाने वकिलाने लावलेली चेक बाउन्सची केस रद्द केली.

तरी मी दुसरी बाजू मांडते, कारण तीही खरी आहे. ट्रॅक्टरखाली नवरा गेलेली बाई येते. तिच्याकडे कोर्ट फी नाही, पंचनाम्याच्या नकला काढायला पैसे नाहीत. वकील पदरचा खर्च करतो (हेही नियमात बसत नाही, अशिलाला दाव्यासाठी उसने पैसे द्यायचे नाहीत) आणि पाच वर्षं वाट बघतो. टक्केवारी नसती तर तिचं काम कोणी घेतलं असतं का, असा प्रश्न येतो. त्यावर उत्तर, तालुका विधी सेवा समिती. महिलेला उत्पन्नाची अट न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्याचं कलम १२. पण तिला तिथवर पोचवायचं कोणी? दवाखान्याच्या दारात तिला पहिला भेटतो तो टक्केवाल्याचा माणूस.

मी स्वतः आकडा ठरवून, कागदावर लिहून देते. दावा मंजूर होवो वा फेटाळला जावो, आकडा तोच, देणं निकालानंतर. कधी कधी बुडतो. पण टक्केवाले कोरे चेक आधी घेऊन ठेवतात, त्या वाटेला मला जायचं नाही.

संपादक_मंडळ

टक्केवारीसाठी वेगळा धागा काढावा ही विनंती. इथे हक्कसोडीवर राहू या.

टेबलवाला

सगळ्यांचे आभार. घडलं ते सांगतो.

भावाला एकट्याला बोलावलं. रोजनामा ताईंनी दिलेला पेपरच्या तारखेचा मुद्दा मांडला. तो विचारात पडला, मग म्हणाला, "तुम्ही माझे वकील की त्यांचे?" मी म्हटलं, तुमचाच, म्हणून सांगतोय. मोजणीचं बहिणींना सांगून दस्त करा, हवं तर मोबदल्यातला काही भाग त्यांना द्यायचं ठरवा, ते वाटपपत्रात लिहू. नाहीतर हा दस्त माझ्याकडून होणार नाही. त्याने उद्या सांगतो म्हणून मसुदा उचलला. उद्या काही आला नाही. मी लेखी पत्र पाठवून या कामातून मोकळा झालो, कारण लिहिलं नाही, बाकीचे दावे चालू ठेवलेत. बहिणींचा फोन येईल असं वाटलं म्हणून ठरवून ठेवलं होतं की फक्त "मी तुमचा वकील नाही, सही आधी स्वतःचा वकील करा" एवढंच सांगायचं.

फोन आला. थोरलीचा. तेवढंच सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "मग तुम्हीच आमचं काम घ्या की. तुम्ही बरे वाटलात. आम्ही तिघी फी देतो." आता?

फोर्टकर

अजिबात नाही. दार, खिडकी, झरोका, सगळं बंद.

जुनी_सनद

नाही. भावाचं गुपित डोक्यात घेऊन त्याच्याच विरुद्ध उभा राहणार? ते काम सोडल्याने बंधन सुटत नाही, हे वर लिहिलंय. त्यात तू त्याच दस्ताचा मसुदा केलेला. बार कौन्सिलकडे वकील कायद्याच्या कलम ३५ खाली गैरवर्तनाची तक्रार झाली तर तुझ्याकडे बचाव नाही. आणि हल्ली पक्षकार तक्रारीला कचरत नाहीत. २०२४ च्या निकालाने वकील ग्राहक कायद्यातून सुटले, त्यामुळे राग काढायला बार कौन्सिल हीच जागा उरलीय.

त्यांना नावही सुचवू नकोस. तू सुचवलेला वकील तुझा मित्र निघाला की भाऊ म्हणणार, ह्यानेच आतून सांगितलं. विधी सेवा समितीचा पत्ता दे, तो सरकारी आहे. तिघी महिला आहेत, मोफत वकील मिळेल.

कृष्णाकाठ

म्हणजे ज्याला सगळं माहीत आहे त्यानेच गप्प बसायचं, आणि ज्याला काहीच माहीत नाही असा वकील त्यांना मिळणार. तुमचा नियम असेल, पण मला नाही पटलं.

जुनी_सनद

ताई, पटावं असा तो नियमच नाही. तुम्ही उद्या माझ्याकडे नवऱ्याविरुद्धचं काही बोललात, तर तेही मी असंच गिळून बसेन, तेव्हा तो तुम्हाला पटेल.

कृष्णाकाठ

नवरा बरा आहे हो माझा!

रोजनामा

त्यांना जो वकील मिळेल तो पहिल्या दिवशी सातबारा, आठ-अ आणि प्रांत कार्यालय तिन्ही बघेल. अगदीच नवखा नसेल तर आठवड्यात कळेल. तेवढी काळजी करू नका.

टेबलवाला

थोरल्या ताईंना समितीचा पत्ता दिला, बाकी काही बोललो नाही.

शेवटचं एक. भावाचा निरोप आलाय की बांधाच्या दाव्यांचीही फाइल परत द्या, दुसरा वकील केलाय. दोन वर्षांची फी बाकी आहे आणि आता तो ती देईल असं दिसत नाही. कारकून म्हणतो, "फाइल अडवून ठेवा, आपोआप येईल पैसे घेऊन." पुढची तारीख जवळ आहे. अडवता येईल?

जुनी_सनद

नाही. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा, सुप्रीम कोर्ट, २०००. थकलेल्या फीपोटी वकिलाला अशिलाची कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, ते गैरवर्तन आहे. फाइल उद्याच दे, कागदांची यादी करून त्याची सही घे, नव्या वकिलाला पुढची तारीख फोन करून सांग. फीची नोटीस वेगळी काढ. आणि कारकुनाला हा धागा वाचायला दे.

हेलपाटा

फी बुडालीच म्हणायची मग. मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.